लेसिकनंतर बिघडलेला कॉर्निया: दादरच्या एका क्लिनिकचा रिव्ह्यू

लेसिकनंतर, म्हणजे नंबर घालवण्यासाठी कॉर्नियाला (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याला) लेसरने आकार दिल्यावर, काही वर्षांनी नंबर, विशेषतः सिलिंडरचा, पुन्हा वाढू लागला तर नुसता नवा चष्मा करून भागत नाही. लेसिकमध्ये उचललेल्या पापुद्र्याखाली, म्हणजे फ्लॅपखाली, उरलेला थर पातळ असेल, २५० मायक्रॉनच्या आत, तर कॉर्निया पुढे फुगण्याचा धोका वाढतो. हा एक्टेशिया. दादर पश्चिमेचं हे क्लिनिक लेसिकआधीचे जुने रिपोर्ट मागतं, तिथेच अर्धं काम होतं. सॉफ्ट लेन्स आठवडाभर आणि कडक लेन्स दोन-तीन आठवडे आधी बंद करा, हे अपॉइंटमेंट देतानाच सांगतात. नाहीतर लेन्सने दाबलेला आकारच टोपोग्राफीत, म्हणजे कॉर्नियाच्या आकाराच्या नकाशात, उमटतो.

क्रॉसलिंकिंग, म्हणजे फुगणं थांबवण्यासाठी कॉर्निया कडक करणं, इथे जुन्या पद्धतीने होतं: वरचा पातळ थर (एपिथेलियम) काढून ३० मिनिटं रायबोफ्लेविनचे (बी-२ जीवनसत्त्वाचे) थेंब, मग ३ मिलिवॅटचे अतिनील किरण ३० मिनिटं. ९ मिलिवॅटने १० मिनिटांत उरकणारी पद्धतही आहे, एकूण ऊर्जा तेवढीच. एपिथेलियम निघाल्यावर जाडी पुन्हा मोजतात, हे फार महत्त्वाचं. ४०० मायक्रॉनपेक्षा कमी असेल तर कॉर्नियाच्या सर्वात आतल्या पेशींच्या थराला, एंडोथेलियमला, इजा होऊ शकते. पहिले दोन-तीन दिवस डोळा चांगलाच दुखतो, बँडेज लेन्स साधारण पाचव्या दिवशी काढतात. आणि हो, यात नंबर जात नाही, फुगणं थांबवायचं असतं. काउंटरवर हे स्पष्ट सांगतात, त्याचे गुण द्यायलाच हवेत.

स्टेरॉइडचे थेंब चालू असताना डोळ्यातलं प्रेशर प्रत्येक भेटीत बघतात. लेसिक झालेल्या पातळ कॉर्नियावर ते खऱ्यापेक्षा कमी दिसतं, त्यामुळे 'नॉर्मल' आकड्यावर विसंबणं धोक्याचं, याची इथे जाणीव आहे.

कच्चा दुवा स्क्लेरल लेन्सचा, म्हणजे डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकणाऱ्या मोठ्या कडक लेन्सचा. मापं उत्तम घेतात, पण शिकवणी घाईची. लेन्समध्ये प्रिझर्वेटिव्ह नसलेलं सलाइन काठोकाठ भरायचं, मान पूर्ण खाली, चेहरा जमिनीला समांतर. बुडबुडा अडकला तर ती काढून पुन्हा भरायची. एकदाच दाखवून नव्या पेशंटच्या हाती लेन्स देणं बरोबर नाही. नळाच्या पाण्याने लेन्स धुऊ नका, ही सूचना त्यांच्या पत्रकात सापडत नाही. सोसायटीच्या टाकीतल्या पाण्यातून अकँथामीबा हा सूक्ष्मजीव आला तर आधीच नाजूक कॉर्नियाचं फार नुकसान होतं. लेन्स घरी नेण्याआधी ती घालून-काढून दाखवायचा आग्रह स्वतःच धरा. एका डोळ्याचा खर्च लेन्स, सलाइन आणि फॉलो-अपसकट लिहून मागा. शनिवार टाळा, डोळ्यात थेंब टाकल्यावर बाकावर जागा मिळत नाही.