शेवाळाच्या स्लाइड्सचा सेट: सगळंच गुलाबी!

घरी बीएस्सीच्या मुलांना बॉटनी शिकवते, त्यासाठी हा वीस परमनंट स्लाइड्सचा डबा ऑनलाइन मागवला, साडेअकराशे पडले. एकही काच फुटली नाही, पॅकिंगला पूर्ण मार्क.

पण बाई गं, रंग! शेवाळाचे गट पाडायला लोकांनी सुरुवातच रंगावरून केली, हार्वे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1836 मध्ये हिरवं, तांबडं, तपकिरी असं वेगळं काढलं, पुढे फ्रिट्शने 1935 मध्ये 11 वर्ग केले तेव्हा साठवलेलं अन्न, फ्लॅजेला म्हणजे पोहायच्या शेपट्या वगैरे पण धरलं तरी रंगद्रव्य होतंच की. आणि यांनी सगळं सरसकट सॅफ्रानिनमध्ये, म्हणजे लाल-गुलाबी स्टेनमध्ये, बुडवून ठेवलंय. तांबडं पॉलिसिफोनिया गुलाबी, तपकिरी एक्टोकार्पस गुलाबी, हिरवं कारा पण गुलाबी. एक मुलगी विचारते, मॅडम, हे सगळे रेड अल्गी का? काय सांगू तिला.

सेलरला मेसेज केला तर म्हणे स्टेन केल्याशिवाय दिसत नाही मॅम. तेही खोटं नाही म्हणा, स्पायरोगायराची स्लाइड बघाच, दोन धागे शिडीसारखे जोडलेले आणि एका पेशीतला माल दुसरीत जाता जाता मधल्या नळीत अडकलेला, अगदी त्या क्षणाला पकडलाय. डायटम, म्हणजे काचेसारख्या कवचातलं एका पेशीचं शेवाळ, ते पण मस्त, हाय पॉवरवर काचेच्या डबीवरच्या रेघा मोजता येतात.

लेबलं मात्र कोणी लावली देव जाणे. नोस्टॉकवर चक्क ग्रीन अल्गी छापलंय. अहो त्याला न्यूक्लियसच नाही, तो सायनोबॅक्टेरिया, म्हणजे जिवाणूच, सिलॅबसमध्ये अजून अल्गीत बसवतात ते सोडा, पण मग निदान ब्लू-ग्रीन तरी लिहा, पोरं प्रॅक्टिकलच्या परीक्षेत स्पॉटिंगला, स्लाइड ओळखायला, तेच लिहून येतील ना! आणि डबा लावलाय ए टू झेड, म्हणजे डायटम एका टोकाला नि सरगॅसम, ते समुद्रातलं तपकिरी शेवाळ, दुसऱ्या टोकाला. आताच्या वर्गीकरणात हे दोघं एकाच मोठ्या गटात येतात आणि स्पायरोगायरा जवळची कोणाला, तर आपल्या दारातल्या तुळशीला, हे या डब्यावरून कुणाला कळायचं नाही.

शेवटी मालवणच्या बहिणीकडून ताजं सरगॅसम मागवलं आणि मुलांसमोर उकळत्या पाण्यात टाकलं. तपकिरीचं बघता बघता हिरवं झालं, क्लोरोफिल आत होतंच, त्याला झाकणारा तपकिरी रंग तेवढा उष्णतेने गेला. खर्च शून्य.

डब्याला तीन स्टार, त्यातला एक पूर्ण स्पायरोगायराचा.