हरवल्याचं पोस्टर, रात्रीचा फोन आणि ३४,५०० रुपये

३,५०० एक्स-रे आणि औषधांचे, १६,००० ऑपरेशनच्या डिपॉझिटचे, १५,००० अँब्युलन्सचे. एकूण ३४,५०० रुपये. घरचं माणूस अजून बेपत्ताच आहे, आणि ज्याने हे पैसे नेले त्याने त्याला कधी पाहिलंही नव्हतं. त्याच्याकडे फक्त आम्ही सगळीकडे पाठवलेलं पोस्टर होतं. ज्यांच्या घरचं असं पोस्टर सध्या व्हॉट्सॲपवर फिरतंय त्यांनी हे वाचाच, कारण हा फोन तुम्हालाही येईल.

"इतकी शिकलेली माणसं, फसलात कसे?" असं विचारणारे पुष्कळ भेटतात. फोन करणारा लॉटरी लागली म्हणून सांगत नाही. "तुमचा पेशंट आमच्याकडे आहे, शुद्धीवर नाही," एवढंच म्हणतो. फोन ठेवला आणि माणूस खरंच तिथे असला तर? हा प्रश्न ज्यांच्या घरात नाही त्यांनी अक्कल शिकवू नये.

कळायला हवं होतं ते खुणेपाशी. तो विचारतो, "अंगावर काही खूण आहे का? खात्री करून घेतो." घरातलं कुणीतरी सांगून टाकतं, उजव्या नडगीवर टाक्यांचा व्रण आहे. "थांबा, बघून येतो." दोन मिनिटांनी तोच आवाज, "हो हो, नडगीवर जुने टाके आहेत." घरात रडारड सुरू होते आणि पुढचं सगळं त्याला सोपं जातं. आपणच दिलेली माहिती त्याने आपल्याला परत दिली, एवढंच घडलेलं असतं! खूण त्याने सांगायची, आपण नाही. म्हणून पोस्टरवर सगळ्या खुणा छापू नका. एक ठळक खूण मागे ठेवा, ती फक्त पोलिसांच्या मिसिंग नोंदीत लिहून द्या, आणि घरात सगळ्यांना बजावून ठेवा की फोनवर ती उच्चारायची नाही.

मग फोटो येतो. खाट, सलाइन, डोक्याला पट्टी. पोस्टरवरचा फोटो लग्नाच्या ग्रुपमधून कापलेला होता, शेजारच्याच्या फेट्याने डावा कान झाकलेला. दवाखान्यातल्या फोटोतही नेमका तोच कान पट्टीखाली, मान तेवढीच कललेली, नजर तिकडेच. असे फोटो आता मोबाइलवर मिनिटात बनतात. आलेला फोटो पोस्टरशेजारी ठेवून कान, केसांची रेषा आणि उजेडाची बाजू तपासा. मुख्य म्हणजे हे काम घरातल्या रडणाऱ्या माणसाने करू नये, बाहेरच्या कुणाला तरी दाखवा.

"पैसे भरल्याशिवाय डॉक्टर हात लावत नाहीत" ही थाप सर्वांत जास्त चालते. अपघातातल्या जखमीवर आधी उपचार करायचे, बाकी सोपस्कार नंतर, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितलंय. अनोळखी जखमी आला की दवाखाना एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायच्या प्रकरणाची वैद्यकीय नोंद, करतो आणि पोलिसांना कळवतो. म्हणून दवाखान्याचं नाव आणि एमएलसी नंबर मागा, दवाखान्याचा फोन स्वतः शोधून कॅज्युअल्टीत विचारा. शहर दूरचं असेल तर तिथल्या पोलिसांना तिकडे जाऊन बघायला सांगा. खऱ्या माणसाला पत्ता सांगायला काही अडचण नसते.

पोस्टरवर बँकेला जोडलेला नंबर देऊ नका. पेमेंट ॲपमध्ये तो टाकला की खातेदाराचं नाव दिसतं, आणि फोनवर तुम्हाला नावाने हाक मारली की निम्मा विश्वास तिथेच बसतो. वेगळं सिम घ्या, त्याच्या व्हॉट्सॲपला घरच्यांचा फोटो ठेवू नका, आणि पोस्टरवर पोलीस ठाण्याचा फोनही छापा. बक्षिसाची रक्कम तर अजिबात नको. "टॉवर लोकेशन काढून देतो, ५,००० द्या" म्हणणारेही येतात. ते लोकेशन कंपनीकडून पोलीस मागवतात, बाजारात मिळत नाही. कोणत्या दिशेला गेलाय हे सांगणाऱ्या बाबालाही एक रुपया देऊ नका.

आता पोलिसांचं. मिसिंग दाखल असलेलं ठाणं म्हणालं, पैशाचं आमच्याकडे नाही, सायबरला जा. सायबरवाले म्हणाले, मूळ प्रकरण ठाण्याचं, तिकडेच जा. बँकेला एफआयआर हवा, आणि ठाण्याला आधी बँकेचं पत्र हवं. तपासी अंमलदार बंदोबस्तावर. वर ऐकवलं काय, तर "तुम्ही पाठवलेतच कशाला?" ज्यांनी मिसिंगची तक्रार घेतानाच "२४ तास थांबा, येईल परत" म्हणून परत पाठवलं, त्यांनी हे विचारावं? असा २४ तासांचा नियम कायद्यात कुठेही नाही. मूल हरवलं असेल तर थेट गुन्हा नोंदवायचा, हा सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ चा आदेश आहे. हद्दीचं कारण सांगत असतील तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ दाखवा, गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यावी लागते आणि प्रत फुकट मिळते. तरीही नकार दिला तर तीच तक्रार पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवा, त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. तोंडी काहीही सांगत बसू नका, लेखी द्या आणि पोच घ्या.

पैसे गेले की आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, ठाणं नंतर. पैसे दुसऱ्या खात्यात सरकायच्या आत रोखता आले तरच उपयोग. फोन करताना यूपीआयचा १२ आकडी व्यवहार क्रमांक, रक्कम, वेळ आणि पैसे गेले तो आयडी समोर ठेवा. प्रत्येक हप्त्याचा क्रमांक वेगळा असतो, तीन वेळा पाठवले असतील तर तिन्ही द्या. चॅट, फोटो, कॉलची यादी यातलं संतापून काहीही डिलीट करू नका. सायबर तक्रारीचा नंबर मिळाला की तो मिसिंगच्या कागदांना लेखी अर्जाने जोडायला लावा.

पैसे गेले नसतील, नुसता फोन आला असेल, तरी तो नंबर दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर 'चक्षू' या संशयित फोन कळवायच्या सोयीत नोंदवा. तोच माणूस त्याच रात्री दुसऱ्या पोस्टरवरचा नंबर फिरवत असतो.