दोन हार्डडिस्क, एक सांगलीत एक पुण्यात: दिवाळीपासून वापरतेय, त्याचा अनुभव

घरच्या फोटो-कागदपत्रांच्या बॅकअपचा सेटअप आधी सांगून टाकते, ज्यांना तेवढंच हवंय त्यांनी पुढचं नाही वाचलं तरी चालेल. ४ टीबीच्या दोन पोर्टेबल हार्डडिस्क, मुद्दाम वेगवेगळ्या कंपनीच्या, दोन्हीवर व्हेराक्रिप्ट (डिस्क एन्क्रिप्ट करणारं, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता येणार नाही अशी करणारं सॉफ्टवेअर), कॉपी करायला फ्रीफाइलसिंक हे सॉफ्टवेअर, आणि मोजक्या कागदपत्रांसाठी गुगलचा १०० जीबीचा प्लॅन. एक डिस्क आमच्याकडे सांगलीत, दुसरी दादाकडे कोथरूडला. घरातलं कुणी ना कुणी पुण्याला जातंच, तेव्हा इथली ताजी डिस्क तिकडे जाते आणि तिकडची इकडे येते.

पुण्यात का, तर आम्ही राहतो गावभागात. २०१९ चा पूर ज्यांनी बघितलाय त्यांना वेगळं सांगायला नको, २०२१ ला परत पाणी आलंच. पाणी चढायला लागल्यावर माणूस म्हातारी माणसं, सिलिंडर, धान्य बघणार की कपाटातली डिस्क शोधणार? तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर हा जो ३-२-१ चा नियम सगळे सांगतात त्यातली ती घराबाहेरची एक नदीकाठच्या माणसाला बाकी सगळ्याहून महत्त्वाची, आणि घराबाहेर म्हणजे पलीकडच्या गल्लीत मावशीकडे नाही, पाणी दोन्हीकडे एकदमच येतं.

नास (घरच्या नेटवर्कला जोडून ठेवायचा डिस्कचा डबा) घे असं बऱ्याच जणांनी सुचवलं. घेतला नाही. चोवीस तास चालू, त्याला यूपीएस, शिवाय आत दोन डिस्क रेड १ मध्ये (दोन्हीवर एकदम तेच लिहायची पद्धत) लावल्या तरी एकीवरची फाइल डिलीट झाली की दुसरीवरची पण त्याच क्षणी जाते, म्हणजे डिस्क खराब होण्यापासून तुम्ही वाचता, स्वतःच्या बोटांपासून नाही. आणि तो राहणार घरातच. मोठी ३.५ इंची डिस्क पण नको म्हटलं, तिला वेगळा अडॅप्टर लागतो. पोर्टेबल लॅपटॉपच्या यूएसबीवरच चालते त्यामुळे कॉपी चालू असताना लाईट गेली तरी फरक पडत नाही, उन्हाळ्यात याचा फायदा फार वेळा झाला.

तोटा वेगाचा. पहिली पूर्ण कॉपी अत्यंत कंटाळवाणी होते. सुरुवातीला सेकंदाला १२० एमबी वगैरे दाखवतं, मग दोन-तीनशे जीबी झाले की ३०-४० वर येतं. या छोट्या डिस्कमध्ये बरेचदा एसएमआर पद्धत असते, ट्रॅक एकमेकांवर थोडे चढवलेले, म्हणून सलग भरपूर लिहायला लागलं की दमतात. एकदा भरली की मग रोजचं थोडंथोडं पटकन होतं. (आणि ४ टीबी घेतली तर विंडोज ३.६३ दाखवतं, दुकानदाराशी भांडू नका, मोजायची पद्धत वेगळी आहे.)

व्हेराक्रिप्टबद्दल एक इशारा. पूर्ण डिस्क एन्क्रिप्ट केली की विंडोजला ती ओळखता येत नाही, आणि लावल्या लावल्या विचारतं "डिस्क फॉरमॅट करायची का?" आता दादाकडे भाचा आहे, हाताला लागेल ते लॅपटॉपला लावतो, त्यामुळे डिस्कवर मोठ्या अक्षरात स्टिकर आहे: लावू नये, फॉरमॅट करू नये, आत्याची आहे. तरी एन्क्रिप्शन सोडणार नाही, कारण डिस्क एसटीतून बॅगेत प्रवास करते आणि त्यात घरातल्या सगळ्यांचे पॅन, पासबुकं, सगळं आहे. पासवर्ड कागदावर लिहून दोन ठिकाणी ठेवलाय. तो हरवला तर कुणीही काही करू शकत नाही, तिथे "फरगॉट पासवर्ड" नसतं.

फ्रीफाइलसिंकमध्ये मिरर निवडायच्या आधी नीट वाचा. मिरर म्हणजे लॅपटॉपवर जे नाही ते डिस्कवरूनही उडवतं. मी मिररच वापरते पण व्हर्जनिंग चालू करून, म्हणजे उडवलेल्या आणि बदललेल्या फाइली तारखेसकट वेगळ्या फोल्डरमध्ये जातात. अधूनमधून रात्री कंटेंट कम्पेअर लावून झोपते, ते आतला डेटा खरोखर तोच आहे का ते बघतं, तास खूप खातं.

आता खरी परीक्षा. पावसाळ्याच्या तोंडावर लॅपटॉपची एसएसडी (आतली, फिरते भाग नसलेली डिस्क) गेली. हार्डडिस्क जाताना निदान कुरकुरते, ही बाई सकाळी उठलीच नाही. नवीन एसएसडी, नवीन विंडोज, घरातली डिस्क लावली, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत फोटो, व्हिडिओ, हिशेब सगळं जागेवर. एवढ्यासाठी पाच स्टार.

पण बाबांच्या वर्डच्या फाइली उघडल्या आणि पानभर इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्याची चिन्हं. बाबांनी नव्वदच्या दशकापासून गावच्या देवस्थानाची टिपणं श्रीलिपी या जुन्या मराठी टायपिंग सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलीत. युनिकोड (मराठी अक्षरांना स्वतःचे वेगळे क्रमांक देणारी पद्धत) रुळलं नव्हतं तेव्हा असे फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागीच मराठी आकार बसवायचे, म्हणजे फॉन्ट नसेल तर फाइल शाबूत असूनही वाचता येत नाही. आणि फॉन्ट असतात विंडोजच्या फोल्डरमध्ये, ते कुठलंच डॉक्युमेंट्सचं बॅकअप घेत नाही. शेवटी पत्रिका छापणाऱ्या ओळखीच्या डीटीपीवाल्या काकांकडे फाइली नेल्या, त्यांच्याकडे लायसन्सवालं श्रीलिपी आहे, त्यांनी सगळ्याच्या पीडीएफ काढून दिल्या. आता कन्व्हर्टर लावून युनिकोड करायचं चालू आहे, रफार आणि जोडाक्षरं गंडतात, बाबा शेजारी बसून वाचतात, मी दुरुस्त करते. ज्यांच्या घरी अशा जुन्या फाइली आहेत त्यांनी जुना कॉम्प्युटर भंगारात द्यायच्या आधी पीडीएफ काढा, मूळ फाइल पण ठेवा.

क्लाउडचं थोडक्यात. गुगल फोटोजचं अमर्याद फुकट १ जून २०२१ ला बंद झालं, १५ जीबीत मेल, ड्राइव्ह, फोटो सगळं आलं, आणि अँड्रॉइडवर व्हॉट्सअॅपचा बॅकअपही आता त्यातच मोजतात. १०० जीबीत आमचे सगळे व्हिडिओ मावत नाहीत, मावावेत अशी अपेक्षाही नाही, तिथे फक्त सातबारा, मार्कशीट, पॉलिसी आणि निवडक फोटो. आधार वगैरेला डिजिलॉकर आहेच. दोन वर्षं न वापरलेलं अकाउंट गुगल काढून टाकू शकतं, म्हणून बाबांच्या जुन्या जीमेलमध्ये मीच अधूनमधून लॉगिन करते.

डिस्क किती टिकतील? बॅकब्लेझ नावाची अमेरिकन बॅकअप कंपनी २०१३ पासून आपल्या डिस्कचे आकडे जाहीर करते, त्यांच्याकडे वर्षाला साधारण शंभरात एक-दीड जाते, पण त्या एसीत, रॅकमध्ये, आमची एसटीत. क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये रिअॅलोकेटेड सेक्टर (खराब झाल्या म्हणून डिस्कने बदललेल्या जागा) शून्य दिसतायत तोवर वापरीन, आकडा हलला की बदलीन. वहिनीचा आयफोन अजून यात आलेला नाही, त्याचं वेगळं लिहीन.