जीएसटीवाले सर, भोसरी (नाव टाकू नका म्हणालेत)

आमचं एमआयडीसीत टर्निंग-मिलिंगचं छोटं शॉप, माल चाकणला जातो. आधीचे टॅक्सवाले २० तारीख आली की बिलं मागवायचे आणि थ्रीबी (महिन्याचं जीएसटी रिटर्न) भरून मोकळे. हे सर आधी समोरच्याची कुंडली काढतात. १४ तारखेला टूबी (सप्लायरनी भरलेल्या बिलांची जीएसटी पोर्टलवरची यादी) आलं की खरेदीचं एकेक बिल जुळवून बघतात आणि जे दिसत नाही त्या सप्लायरची यादी लगेच व्हॉट्सॲपवर, कारण २०२२ पासून टूबीत नाही तर क्रेडिट (खरेदीवर दिलेल्या जीएसटीची वजावट) नाही, म्हणजे स्टीलवाल्याने रिटर्न लटकवलं की भुर्दंड आपल्याला.

एक टूलवाला मागे लागला होता, कच्च्यावर (म्हणजे जीएसटी बिलाशिवाय) घ्या, अठरा टक्के वाचतील. सरांनी कॅल्क्युलेटरच पुढे केला. लाखाच्या मालावर जे १८ हजार वाचले वाटतात ते तर क्रेडिटमध्ये परत येणारच होते, वर लाखाचा खर्च पुस्तकात नाही म्हणून तेवढा नफा जास्त दिसणार आणि त्यावर इन्कम टॅक्स वेगळा. आपलं गिऱ्हाईक कंपनी आहे, तिला पक्कं बिल लागतंच. कच्च्याचं गणित जमतं ते काउंटरवर घरगुती गिऱ्हाइकाला विकणाऱ्याला, असं ते म्हणाले आणि मला तरी पटलं.

दुसरं म्हणजे इन्कम टॅक्सचं ४३बी(एच) कलम. पूर्वी मोठी कंपनी मार्चला आपलं बिल खर्चात टाकून स्वतःचा टॅक्स कमी करायची आणि पैसे द्यायची जूनमध्ये. २०२३-२४ पासून सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे ४५ दिवसांत (करार नसेल तर १५च) दिले नाहीत तर ज्या वर्षी देतील त्याच वर्षी खर्च धरतात. फक्त माल देणारा ट्रेडर असेल तर हे लागू नाही. सरांनी आमचं उद्यम सर्टिफिकेट (लघुउद्योग म्हणून सरकारी नोंदणी) सगळ्या गिऱ्हाइकांना मेल करायला लावलं. एका ठिकाणचा परचेसवाला फोनवर म्हणे ते रजिस्ट्रेशन रद्द करा नाहीतर ऑर्डर दुसरीकडे देतो. सर म्हणाले, मेलवर लेखी मागा. मागितलं, परत त्या विषयावर चकार शब्द नाही, पेमेंट मात्र वेळेत येतंय.

आता तक्रारी. ११ ते २० तारखेत फोन लागेल ही आशा सोडा. फी आधीच्यांपेक्षा चांगलीच जास्त. बिलं उशिरा दिली तर तोंडावर बोलतात, लहान-मोठं बघत नाहीत. मार्चला 'थोडी बिलं ॲडजस्ट करून द्या' वगैरे मागायचं असेल तर जाऊच नका, चहासुद्धा मिळणार नाही. चार स्टार, एक पार्किंगचा कापला.