सेकी तबकडी घ्यावी की प्लवकजाळी?

किनाऱ्यावरच्या मुलांना प्लवकांची, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जीवांची, गोडी लावायचीय, पैसे एकाच साधनापुरते आहेत, असं एका शिक्षिकेने विचारलं.

सेकी तबकडी १८६५पासून वापरात आहे. पांढरी चकती, वजन, खुणा केलेली दोरी, घरीही बनते. पाण्यात सोडायची, दिसेनाशी होते ती खोली लिहायची, झालं. पाणी किती नितळ ते कळतं; प्लवक वाढले की ते कमी नितळ होतं. पण पावसाळ्यात खाडीचा गाळ पाणी गढूळ करतो, तेव्हा त्या आकड्यावरून प्लवक किती ते कळत नाही.

पाण्यातून प्लवक गाळून घेणारी जाळी महाग, नाजूक, दर वेळी गोड्या पाण्याने धुवावी लागते. वर सूक्ष्मदर्शक हवाच. तरीही थेंबात खेकड्याचं काटेरी, टपोऱ्या डोळ्यांचं पिल्लू वळवळताना दिसलं की मुलं जागची हलत नाहीत. समुद्राबद्दलची आपुलकी अशीच रुजते, आकड्यांनी क्वचितच.

म्हणून तुम्ही जाळीच घ्या. वर्षानुवर्षं नोंदी ठेवणाऱ्या होडीवाल्यांच्या गटाला मात्र तबकडी बरी.