सिमवाला टॅब, दिवाळीपासून आजवर : नुसतं नेट पुरतं की कॉलही हवा?

टॅब घेण्याआधी ज्याला विचारलं त्याने एकच ऐकवलं, "खिशात फोन हाय की, टॅबवरून कोण बोलतंय?" तरी सिमवाला घेतला, तोही कॉल लागणारा. दिवाळीत घेतला, मे महिना काढला, आता मत पक्कं झालंय. सिम हवंच. कॉलही हवा. फक्त कंपन्या तो कॉल ज्या पद्धतीने देतात, ती पद्धत भिकार आहे.

आधी माझं काम सांगतो, कारण घरी सोफ्यावर टॅब बघणाऱ्याला यातलं निम्मं लागू नाही. मी चादरी, टॉवेल, नॅपकिनच्या ऑर्डरी घेत फिरतो. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतून डिझाइनचे फोटो येतात आणि मी बार्शी, मंगळवेढा, पंढरपूरची दुकानं करतो. पूर्वी सँपलची बोचकी एसटीत चढवायचो, आता साडेआठ इंची टॅब. जेकार्ड विणीच्या चादरीवरचा मोर बोटांनी मोठा केला की दुकानदाराला पिसाऱ्यातला दोरान् दोरा दिसतो. (रंगावर मात्र विसंबू नका. पडद्यावरचा मरून मालात विटकरी निघतो, म्हणून शेडकार्ड अजून पिशवीत आहे.)

याआधी वायफायवाला टॅब होता आणि त्याला फोनचं हॉटस्पॉट द्यायचो. कागदावर हा हिशोब स्वस्त वाटतो. पण बेचाळीस डिग्रीत हॉटस्पॉट चालू ठेवलेला फोन खिशात इतका तापतो की दुपारी तीनला बॅटरी आडवी. त्यात फोन आला आणि सिम टू-जीवर घसरलं की टॅबचं नेट बंद, नेमकं गिऱ्हाइक "पुढचं दाखवा" म्हणतं तेव्हा. सिमवाल्यात ही कटकटच गेली. शिवाय बऱ्याच वायफायवाल्या मॉडेलांत जीपीएस नसतं; आयपॅडचंही तसंच, जीपीएस हवं तर सिमवालाच घ्यावा लागतो. आडगावची दुकानं शोधणाऱ्याला याची किंमत कळते.

आता कॉलचं. आपल्याकडे टॅबच्या सिमला नेहमीचं प्रीपेड रिचार्ज मारायचं तर पॅकात अनलिमिटेड कॉल आलेच. म्हणजे कॉलचे पैसे मी भरतोच भरतो. सिमचं जाळं पकडणारं मॉडेम आत आहे, नंबर आहे, पॅक आहे, मग डायलर म्हणजे नंबर लावायचं ॲपच काढून टाकायचं? हा शहाणपणा मला कळलेला नाही. पाण्याचं बिल घेऊन नळाची तोटी काढून नेण्यातला प्रकार झाला. आणि "सिम चालतं" म्हणजे "कॉल लागतो" असं नाही, हे दुकानातली पोरं सांगत नाहीत. काही टॅबमध्ये नेट चालतं पण साधा मेसेजही जात नाही. मेसेज जात नाही म्हणजे यूपीआय नाही, कारण खातं जोडताना ॲप त्याच सिमवरून मेसेज पाठवून नंबर तपासतं. माझ्यातून मेसेज जातो, त्यामुळे धंद्याचा वेगळा नंबर, त्याचं यूपीआय, त्याचं व्हॉट्सॲप सगळं टॅबवर बसलं. घरचा फोन घरच्यांना मोकळा.

व्हॉट्सॲप जुन्या टॅबवरही चालायचं, पण फोनला जोडून. ज्या फोनवर मूळ खातं, तो चौदा दिवस उघडलाच नाही की जोडलेलं यंत्र बाहेर फेकलं जातं. टॅबचा स्वतःचा नंबर असला की हे झंझट नाही.

कॉल लागतो म्हणून खूश होऊन पहिल्याच आठवड्यात बार्शीत एक गंमत झाली. माझ्या टॅबला कानाशी धरायचा स्पीकरच नाही, जे काय ते ढणाढणा खालच्या दोन स्पीकरमधून. एका दुकानात बसलो असताना पंढरपूरच्या पार्टीचा फोन आला. उचलला, आणि तिकडून पहिलंच वाक्य : "मालक, तो डबल चादरीचा गेल्या टायमाचाच रेट लावा, वीस रुपये कमीवाला." समोरचे दुकानदार काका चहाचा कप तसाच धरून माझ्याकडे बघत राहिले. पुढची पंधरा मिनिटं डिझाइन राहिलं बाजूला, त्या वीस रुपयांवरच बसलो. शेवटी त्यांनाही द्यावे लागले.

तेव्हापासून गळ्यात नेकबँड. त्याने आवाज खाजगी राहतो, पण त्याचंही चार्जिंग सांभाळा. यंत्रमागाच्या शेडमध्ये तर नेकबँडही निकामी, तिथे बाहेर येऊन साधा फोन कानाला लावण्याला पर्याय नाही. एकदा टॅबच तोंडाजवळ आडवा धरून बोलत होतो, तर कारखान्यातले अण्णा म्हणाले, "काय ओ, पापड खायलाय का?"

दुसरी खोच व्होल्टेची, म्हणजे फोर-जीच्या जाळ्यावरूनच कॉल लावायच्या सोयीची. जिओचं जाळं २०१६ मध्ये सुरू झालं तेच फोर-जीवर. तिथे टू-जी नाहीच, त्यामुळे टॅब जिओवर व्होल्टे देत नसेल तर त्या कार्डावरून थेट कॉल विसरा. एअरटेलसारख्या कंपनीचं कार्ड असेल तर व्होल्टे नसतानाही कॉल टू-जीवर जातो, पण तेवढा वेळ नेट थांबतं. म्हणून घेताना डबीवर "फोर-जी" वाचून समाधान मानू नका. आपलंच सिम घालून दुकानात उभ्या उभ्या एक कॉल लावा, एक मेसेज पाठवा. टाळाटाळ केली तर दुसरं दुकान.

हा घोळ जुना आहे म्हणा. नोकियासारख्या फोनच्या कंपनीने २००५ मध्ये ७७० नावाचा इंटरनेट टॅबलेट काढला, त्यात फोनच नव्हता. वायफाय नसेल तर खिशातला मोबाइल ब्लूटूथने जोडा. त्यांच्याच एन ९०० मध्ये २००९ साली फोन आला, तर पडदा आखडून साडेतीन इंचांवर. पुढच्याच वर्षी आयपॅड आला, त्याचं थ्री-जी सिम फक्त नेटपुरतं. त्याच वर्षी सॅमसंगने सात इंची गॅलेक्सी टॅबमध्ये कॉल दिला होता. म्हणजे जमत नाही असं नाही. सगळं एकाच यंत्रात दिलं तर गिऱ्हाइक फोन कशाला घेईल, ही भीती असावी असा माझा अंदाज. पण साडेआठ इंची पाटी शर्टाच्या खिशात कोण घालणार? फोन घ्यावाच लागतो. माझ्याकडेही आहे.

मुलांच्या अभ्यासाला घेत असाल तर वायफायवाला बास. जास्तीचे तीन-चार हजार वाचतात आणि कोण कोणाला फोन करतंय ही डोकेदुखीही नाही. फिरतीवाल्याने, एलआयसीवाल्याने, मेडिकलच्या ऑर्डरी घेणाऱ्याने मात्र कॉलवालाच घ्यावा.

बॅटरी आता संध्याकाळपर्यंत जेमतेम पोचते, त्यामुळे पुढच्या दिवाळीला बदलावा लागेल. कानाला लावायचा स्पीकर असलेला आठ इंची टॅब आहे का म्हणून नवी पेठेत विचारून आलो. पोराने ऐकून घेतलं आणि मोठ्ठा मोबाइल काढून काउंटरवर ठेवला.