नुसते बुश बदलायचे की अख्खा लोअर आर्म?

लोअर आर्म म्हणजे पुढचं चाक गाडीच्या सांगाड्याला जोडणारा खालचा दांडा, आणि बुश म्हणजे त्याच्या सांगाड्याकडच्या टोकातले रबर-धातूचे तुकडे. जुन्या गाडीत खड्ड्यावर पुढून खडखड आवाज यायला लागला की आधी नक्की काय गेलंय ते बघा, उगाच पार्ट बदलत बसू नका. पुढचं चाक जॅकवर उचला, खाली स्टँड लावाच, मग चाक वर-खाली धरून हलवा. प्ले म्हणजे ढिलेपणा असेल तर बॉल जॉइंट (आर्मच्या चाकाकडच्या टोकाचा गोल सांधा) नाहीतर व्हील बेअरिंग, दुसऱ्याला आत बघायला सांगा म्हणजे जॉइंट हलतोय का ते लगेच दिसतं. डावी-उजवीकडे धरून हलवल्यावर प्ले आला तर बहुतेक टाय रॉड एंड, म्हणजे स्टिअरिंगचा दांडा चाकाला जोडणारा सांधा. बुशला टॉमी (लोखंडी पहार) लावून, जोर देऊन बघा, रबर फाटून धातूपासून सुटलेलं असेल तर ते संपलं.

आता नुसते बुश टाकले तर पार्ट स्वस्त पडतो आणि कंपनीचा मूळ आर्म राहतो, पण जुने काढायला प्रेस (दाब देणारं मशीन) लागतो, हातोड्याने ठोकून बसवले तर नवीन रबर तिथेच खराब होतं, मजुरीही वाढते. अख्खा आर्म महाग, पण बुश आणि बहुतेक वेळा बॉल जॉइंटही नवीन मिळतो, काम पटकन होतं. फक्त हलक्या ब्रँडचा घेऊ नका.

माझं मत, बॉल जॉइंटही ढिला असेल किंवा आर्म गंजलाय, वाकलाय तर सरळ अख्खा आर्म टाका, कारण बॉल जॉइंट चालत्या गाडीत निसटला तर चाकच आडवं होतं. आर्म ठणठणीत असेल तर बुश पुरे.

आणि काहीही टाका, रबर बुशचे बोल्ट गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच फायनल टाइट करा, लटकत्या चाकावर केले तर रबर कायम पिळलेलं राहून लवकर फाटतं. मग अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवून घ्या.